पोटावरची टोपी

ब्लेक्स आर्म,
९ ऑक्टोबर

गार्लंड,

डॅडला शनिवारी पुरलं, मॉमच्या शेजारी. तुझी फुलं पोचली. कार्डावरची सही तुझ्या शेलीनेच ठोकली होती, हे कळायला मला चष्मा लागला नाही. तरी ते कार्ड मी सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, कारण मुलगा का आला नाही हे विचारायला अख्खं गाव हॅम सँडविचची ताटं घेऊन हजर झालं होतं. मी सांगितलं, अल्बर्टाहून विमान मिळालं नाही. तुझ्यासाठी खोटं बोलले. नऊ वर्षांत तुझ्यासाठी केलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून पत्र लिहिते आहे. भांडायला लिहीत नाहीये, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

मला अजून काही सुचत नाही. आठ दिवस झाले. किटली ठेवते आणि सवयीने दोन कप काढते. त्याचे बूट दाराशी तसेच आहेत, एक सरळ, एक आडवा. उचलायला वाकते आणि तशीच परत उभी राहते.

त्या मंगळवारी सकाळी तो शेडमधून लाकडं आणत होता. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, पण बोलायची सोय नव्हती. "माझ्या घरची लाकडं आणायला मला तुझी परवानगी लागते काय?" असं म्हणून गेला. मी पुढच्या खोलीत मालिशच्या टेबलावरची चादर बदलत होते, नऊ वाजता पहिली पेशंट यायची होती. लाकडं खाली पडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर तो पायरीवर बसलेला. चेहरा पिठासारखा पांढरा, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. म्हणाला, "पाठ तुटली गं पोरी."

मग मी काय केलं, ते सांगते. त्याच्या मागे गुडघे टेकून बसले आणि त्याची पाठ चोळायला लागले. अठ्ठावीस वर्षं हाच धंदा. कुणी पाठ म्हटलं की माझे हात मला न विचारता पाठीवर जातात. त्याच्या आत रक्त साठत होतं आणि मी कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू अंगठ्याने मोकळे करत होते. तो म्हणाला, "असू दे, व्हर्ना." तेव्हा कुठे मी फोन केला. अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. मोठा पूल यायच्या आधीच तो गेला.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण आहे, नायजेरियाची, हळू बोलते. तिने कागदावर काढून दाखवलं. पोटातून कण्याला टेकून एक मोठी रक्तवाहिनी खाली जाते. डॅडची ती फुगत फुगत संत्र्याएवढी झाली होती. तिच्या ताणाने पाठ दुखायची. वर्षानुवर्षं फुगत असणार, ती म्हणाली. मी विचारलं, "स्नायूंचा काहीच संबंध नव्हता?" तर म्हणाली, "नाही हो. स्नायू छान होते त्यांचे, या वयाच्या मानाने."

छान असणारच. मीच ठेवले होते.

मग तिने विचारलं, मुलगा आहे का? किती वर्षांचा? सिगरेट ओढतो? मी म्हटलं, एक आहे, अठ्ठावन्नचा, आणि धुराड्यासारखा ओढतो. तिने पेन खाली ठेवलं. हे बापाकडून मुलाकडे येतं, म्हणाली. त्यांना म्हणावं, पोटाचा अल्ट्रासाउंड करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. वेळेत सापडलं तर ऑपरेशन होतं. फुटल्यावर दहातले आठ हाती लागत नाहीत.

तर तू जा. एवढंच सांगायला हे पत्र.

तू म्हणशील, हिच्या हाताखाली रोज माणसं झोपतात आणि हिला बापाच्या पोटातलं कळलं नाही? ऑगस्टपासून मी त्याला टेबलावर घेतलंच नव्हतं. तोच टाळायचा. मला कळायला काही मार्ग नव्हता.

व्हर्ना


(पोस्टकार्ड. एका बाजूला हिमनगाचं चित्र.)

२४ ऑक्टोबर

गार्लंड,

तुझं 'पाठवणाऱ्याकडे परत' मिळालं. पाकीट न उघडता पाठवायची कला अजून शाबूत आहे तुझी. या वेळी पाकीटच नाही. पोस्टात मिल्ड्रेड वाचेल, वाचू दे.

डॅड पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटून गेला. तुलाही तेच असू शकतं. आजच्या आज असं कर. जमिनीवर उताणा झोप. गुडघे वर घे. शर्ट वर करून बेंबीवर तुझी टोपी ठेव. श्वास रोखून तिच्याकडे बघ. ठोक्याबरोबर टोपी वरखाली झाली तर डॉक्टरकडे जा आणि बाप कशाने गेला ते सांग. नाही हलली तरी जा.

व्हर्ना


ब्लेक्स आर्म,
७ नोव्हेंबर

गार्लंड,

हे पत्र शेलीच्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे, तू परत पाठवलेलं पहिलं पत्रही सोबत घातलं आहे. तिच्यावर ओरडू नकोस. तिने मंगळवारी दुपारच्या सुट्टीत दंतवैद्याच्या मागच्या खोलीतून मला फोन केला. नऊ वर्षांत तिचा आवाज बदललेला नाही, अजून ब्लेक्स आर्मचीच वाटते. आधी दोघी रडलो. मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी कागद-पेन ओढून घेतलं.

तुझी पाठ दुखते म्हणे. उन्हाळ्यापासून. डावीकडे, शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधे. ट्रकमधून उतरल्यावर दहा पावलं वाकून चालतोस. रात्री कूस बदललीस तरी थांबत नाही.

गार्लंड, डॅडचं अगदी असंच होतं. डावीकडे, त्याच जागी. मी नेमकी तीच जागा सांगते आहे, बोट ठेवून. स्नायूचं दुखणं असतं ना, ते कूस बदलली की थोडं तरी हलतं, शेकलं की कमी होतं. हे कशानेच कमी होत नाही. डॅड म्हणायचा, "हे दुखणं खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यासारखं आहे, उठायचं नावच घेत नाही." आम्ही हसायचो.

शेली म्हणाली, माझं कार्ड तू फ्रिजवर लावलंयस, हिमनग बाहेर आणि मजकूर आत. फाडलं नाहीस हे काय कमी आहे? ती असंही म्हणाली की कामावरून आल्या आल्या तू पंधरा मिनिटं बाथरूमचं दार लावून बसतोस, टोपीसुद्धा न काढता. पोट बिघडलंय का? तेही डॉक्टरला सांग.

इथे कार्डाने धमाल केली आहे. मिल्ड्रेडने ते वाचलं, नवऱ्याला सांगितलं, त्याने धक्क्यावर सांगितलं. आता गावातले अर्धे पुरुष पोटावर टोप्या ठेवून आडवे होतायत. परवा चर्चमधून येताना म्हातारा सेल्बी म्हणाला, "व्हर्ना, माझी टोपी हलत नाही, पण पोट एवढं आहे की टोपी खाली घरंगळते, त्याचं काय?" मी हसले. डॅड गेल्यापासून पहिल्यांदा. मग घरी येऊन दार लावून घेतलं.

पुढची खोली मी बंद ठेवली आहे. लोक फोन करतात, मान आखडली आहे, खांदा धरला आहे. मी म्हणते, घरात दुःख आहे. त्यांना खरं वाटतं. खरी गोष्ट अशी आहे की मला आता माणसाच्या अंगाला हात लावायची भीती वाटते. मिल्ड्रेडने परवा माझा हात हातात घेतला, मी तो काढून घेतला.

माझी परीक्षा होती तेव्हाचं तुला आठवतं का? मी सव्वीसची. हॅलिफॅक्सच्या शाळेत शिकवलेलं एकही नाव डोक्यात राहत नव्हतं. मग इथे स्वयंपाकघरात तुम्हा दोघांना शर्ट काढून उलट्या खुर्च्यांवर बसवलं आणि जाळ्यांवर खुणा करायच्या पेनने तुमच्या पाठींवर स्नायू काढले. वरचे थर तुझ्यावर, आतले डॅडवर. डॅड कॉड सोलण्यातला राजा, एका झटक्यात माशाचा कणा उचलून काढायचा. मला विचारत होता, "हा कुठला? माशात नाही बुवा असला." तुझ्या मानेपासून दोन्ही खांद्यांवर उतरून पाठीच्या मधोमध निमुळता होणारा ट्रॅपिझियस मी निळ्या शाईत काढला होता, पतंगासारखा. ती शाई तीन आठवडे गेली नाही. तू तसाच शनिवारच्या नाचाला गेलास, कॉलरच्या वर निळ्या रेघा घेऊन, आणि शेलीने विचारलं, "मानेवर कुठला नकाशा आहे?" तिथूनच तुमचं जुळलं. तेव्हा तुझ्या संसारात माझाही थोडा हात आहे, हे विसरू नकोस.

पाठ, मान, कुल्ला, मांडीची मागची बाजू. सगळं काढलं. पोटावर मात्र काही काढलं नाही. पाठीच्या परीक्षेत पोट कुठे विचारतात.

माझ्यावरचा तुझा राग मला माहीत आहे. तू कामावर शिडीवरून पडून घरी आलास, तीन महिने माझ्या टेबलावर झोपलास. भरपाई देणाऱ्यांनी माझ्याकडे नोंदी मागितल्या आणि मी बोटांना लागलं ते लिहिलं. दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे, कुठे आखडलेले नाहीत, हालचाल पूर्ण. त्यावर त्यांनी तुझं प्रकरण बंद केलं. मी काय लिहायला हवं होतं? मला जे लागलं नाही ते लागलं म्हणून? त्या रविवारी तू पानावरून उठलास, सॉल्ट बीफ तसंच टाकलंस आणि म्हणालास, "माझ्या दुखण्यापेक्षा तुझ्या बोटांवर तुझा जास्त विश्वास." त्याला आता नऊ वर्षं झाली. तो राग तसाच ठेव, हवा तर वाढव. पण डॉक्टरकडे जा.

डॅडलाही तू हवा होतास. शेवटच्या रविवारीसुद्धा टेबलावर पडल्या पडल्या तुझंच नाव काढत होता, गार्लंडला आता पोहायला तरी जमत असेल का वगैरे.

व्हर्ना


ब्लेक्स आर्म,
१३ नोव्हेंबर

गार्लंड,

शेलीचा काल परत फोन आला. तू डॉक्टरकडे गेला नाहीस. त्याऐवजी दर गुरुवारी कुणा मालिशवाल्याकडे जातोस. तो म्हणतो, पाठीत काही नाही, सोआस आखडला आहे. आणि तो तुझं पोट दाबतो.

फोन ठेवल्यापासून लिहिते आहे. अक्षर बघ. दोनदा लिहून फाडलं. आता जे आहे ते लिहिते. शेलीने हे तुला मोठ्याने वाचून दाखवावं, तू उठून गेलास तर मागे येऊन वाचावं.

मी तुला खोटं सांगितलं. ऑगस्टपासून डॅड टेबलावर आला नव्हता, हे खोटं. मागच्या पत्रात माझ्याच तोंडून रविवारचं निघून गेलं. तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, माझ्या मात्र पत्र पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. डॅड दर रविवारी टेबलावर यायचा. शेवटचा रविवार २९ सप्टेंबर. मंगळवारी तो गेला.

सोआस काय आहे ते तुला सांगते, म्हणजे तुझ्या मालिशवाल्याच्या बोटांखाली काय येतं ते तुला कळेल. तो कमरेच्या मणक्यांच्या बाजूने निघतो, पोटातल्या सगळ्याच्या मागून खाली उतरतो, कुल्ल्याच्या सांध्यापुढून जाऊन मांडीच्या हाडाला आतून बसतो. चालताना पाय उचलतो तो हा. जन्मभर पुढे वाकून मासे सोललेल्या माणसाचा तो आखूड होतो आणि मग पाठ दुखते. पाठीकडून त्याला हात लागत नाही. उताणं झोपवायचं, बेंबीच्या बाजूला बोटं ठेवायची, माणसाने श्वास सोडला की हळूहळू आत जायचं. आमच्यात हे ज्याला जमतं त्याचा भाव मोठा. मला जमतं. इथून साठ मैलांवरून लोक माझ्याकडे त्यासाठी येत होते.

आणि ती रक्तवाहिनी त्याच वाटेवर असते. म्हणून शाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात, बोटांखाली ठोका लागला तर एक बोट बाजूला सरका. बस. सरका आणि पुढे चला. आम्ही सगळे तेच करतो, रस्त्यात डबकं दिसलं की पाय आपोआप बाजूला पडतो तसं. कुणी त्या ठोक्याचा विचार करत नाही. आम्ही स्नायू शोधत असतो.

त्या रविवारी जेवणाआधी तो टेबलावर चढला. मी बोटं ठेवली. ठोका लागला. एक बोट सरकले. ठोका. आणखी एक बोट सरकले. अजून ठोका. तिसऱ्यांदा सरकले. गार्लंड, नाडी चार बोटं रुंद असते का कुठे? माझ्या बोटांना ती रुंदी लागली. त्यांनी मला सांगितलं. आणि मी मनात म्हटलं, आज जागा सापडत नाहीये, आणि आणखी सरकले. मग तो स्नायू हाताला लागला, ताणलेला, कडक, आणि मला बरं वाटलं. मी दाबलं.

तो म्हणाला, "आज लागतंय हं."

मी म्हटलं, "लागणारच. सोआस आहे."

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. मी बोटं काढली तेव्हा त्याने बाजूला ठेवलेली टोपी उचलून बेंबीवर ठेवली आणि म्हणाला, "व्हर्ना, गंमत बघ." टोपी हलत होती. वर, खाली, वर, खाली, एका लयीत. म्हणाला, "माझ्या जुन्या बोटीचं इंजिन आत बसवलंय. पुट पुट पुट. अजून बंद पडलेलं नाही बघ." आणि मी हसले. अठ्ठावीस वर्षं माणसांची शरीरं हाताळणारी मी, बापाच्या पोटावर टोपी उड्या मारताना बघितली आणि हसले. चला, कोबी थंड होतोय, म्हटलं.

कार्डावर टोपीचं जे लिहिलं होतं ते मला डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. ते असं कळलेलं होतं.

डॉक्टर म्हणाली होती, एवढी मोठी झालेली, ती किटली उचलतानासुद्धा फुटली असती. मी त्या वाक्याला महिनाभर धरून बसले आहे. पण तिला रविवारचं माहीत नाही.

हे पत्र माझ्या सहीचं आहे. तुला हवं तर आमच्या परिषदेला पाठव. माझं लायसन्स जाईल, आणि गेलं तर मी तक्रार करणार नाही. माझ्या नोंदीवरून तुझं प्रकरण बंद झालं, आता तुझ्या हातातल्या कागदावरून माझा धंदा बंद होईल. हिशोब पुरा होईल. पण त्यासाठी तुला जिवंत राहावं लागेल, म्हणून आधी अल्ट्रासाउंड कर. आणि उद्या गुरुवार. हे पत्र उद्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून मी शेलीला फोन करून सांगितलं आहे की तुझ्या ट्रकची किल्ली लपवून ठेव. गाडीसाठी घरात आदळआपट केलीस तर कारण हे आहे.

मला तू आवडत नाहीस, गार्लंड. हट्टी आहेस, नऊ वर्षं बापाला भेटायला आला नाहीस. पण आता या घरात जन्मलेलं तुझ्यामाझ्याखेरीज कुणी उरलं नाही. मला भीती वाटते. खूप भीती वाटते.

व्हर्ना


फोर्ट मॅकमरे,
२३ नोव्हेंबर

व्हर्ना,

टोपी हलली.

कार्ड आलं त्याच दिवशी हलली होती. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तू मला घाबरवायला लिहिलंस आणि मी घाबरलो म्हणून हलते आहे. मग रोज बघायला लागलो, कामावरून आल्यावर, बाथरूमच्या फरशीवर पडून. एकोणीस दिवस. एकही दिवस ती इतकी स्थिर राहिली नाही की बघून बरं वाटावं.

किल्ली शेलीने पिठाच्या डब्यात लपवली होती. मी पूर्ण घर उलथंपालथं केलं. तुला हवं होतं तेच झालं, गुरुवार गेला.

तुझं पत्र तिने जेवणाच्या टेबलावर वाचलं. इंजिनापाशी आल्यावर मी म्हटलं, थांब. ते मला माहीत होतं. डॅड मला महिन्यातून एकदा फोन करायचा, तू दुकानात गेलीस की. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये म्हणाला, "पोटात जुनं इंजिन बसवून घेतलंय रे, पुट पुट करतं, येऊन ऐकून जा." मी म्हटलं, "त्याला तेल घाल, म्हाताऱ्या." आणि दोघं खूप हसलो. तेव्हा एकटी तूच हसलीस असं समजू नकोस. ऐकायला मात्र मी आलो नाही.

गुरुवारी २१ ला अल्ट्रासाउंड केला. करणारी पोरगी गप्पा मारत होती, हॉकीबद्दल. मग हॉकी अर्धवट टाकून तीच जागा पुन्हा पुन्हा मोजायला लागली. मी म्हटलं, "बाई, बोला, माझ्या बहिणीने मला आधीच सांगून ठेवलंय." सहा पॉइंट तीन सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी एडमंटनहून सर्जनचा फोन. बुधवारी ४ डिसेंबरला ऑपरेशन. तोवर वजन उचलायचं नाही, सिगरेट नाही, शिंकायचंसुद्धा जपून. शेली मला चमचासुद्धा उचलू देत नाही.

तुझं पत्र मी कुणाला पाठवणार नाही. तुझं तू ठरव काय करायचं ते.

एक गोष्ट मात्र मला हवी आहे. माफी नको. माफी मागितलीस तर मला काय बोलायचं ते सुचणार नाही. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या टेबलावर मी रोज सांगत होतो, दुखतंय. तू कागदावर लिहिलंस, स्नायू सारखे आहेत. स्नायू सारखेच असतील. पण माझी पाठ दुखत होती, व्हर्ना. ते तू कुठेच लिहिलं नाहीस. ते लिहून दे. तसंच, तारीख घालून, सही करून. ऑपरेशनच्या आधी हातात आलं तर बरं.

गार्लंड


ब्लेक्स आर्म,
२९ नोव्हेंबर

पेशंट: गार्लंड बडजेल. तपासणी नऊ वर्षांपूर्वी, शिडीवरून पडल्यानंतर. नोंद दुरुस्त करण्याची तारीख आजची.

मान, पाठ, कंबर, कुल्ला, दोन्ही बाजू तपासल्या. दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे होते. आखडलेलं काही बोटांना लागलं नाही. पेशंटने प्रत्येक भेटीत सांगितलं की दुखतं आहे. ही गोष्ट नोंदीत यायला हवी होती, ती मी लिहिली नाही. पेशंटची पाठ दुखत होती.

व्हर्ना बडजेल, मसाज थेरपिस्ट

गार्लंड,

वरचं तुझं. परिषदेलाही मी काल लिहिलं, रविवारचं सगळं, टोपीसकट. त्यांना काय करायचं ते करू दे.

मिल्ड्रेड म्हणाली, बर्फ पडतोय, पोस्टाला आठवडा लागेल. ऑपरेशन बुधवारी. तेव्हा हे मीच घेऊन येते आहे. सोमवारी गँडरहून विमान आहे, संध्याकाळी तुझ्या दाराशी असेन. शेलीला फोनवर सांगितलं आहे, जेवायला काही विशेष करू नकोस, बेकअ‍ॅपलच्या जॅमच्या दोन बाटल्या आणते आहे.

पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. न उघडता परत पाठवायचं झालं तर या वेळी ते माझ्याच हातात द्यावं लागेल.

व्हर्ना